तीच गोळी, लांब नळी

श्रोतेहो, कलकत्त्याजवळ डमडम नांवाचें एक ठिकाण आहे. आज तें विमानतळासाठीं प्रसिद्ध आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील दारूगोळ्याच्या कारखान्यामुळें त्याचें नांव जगभर झालें. त्या कारखान्यांत १८९६ च्या सुमारास कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्यानें रायफलीच्या गोळीवरील धातूचें कवच टोंकाशीं आंखूड ठेवून आंतील शिसें उघडें राहूं दिलें. अशी गोळी शरीरांत शिरली कीं तिचें टोंक चेपून पसरे आणि जखम मोठी होई. तिच्याविरुद्ध युरोपांत ओरड झाली, आणि २९ जुलै १८९९ रोजीं हेग येथील परिषदेच्या जाहीरनाम्यानें असें ठरलें कीं, शरीरांत सहज पसरणारी अथवा चपटी होणारी गोळी त्यास मान्यता देणाऱ्या राष्ट्रांनीं आपसांतील युद्धांत वापरूं नये. तेव्हांपासून ‘डमडम’ हा शब्द क्रौर्याचा जणूं पर्यायच होऊन बसला.

नवलाची गोष्ट अशी कीं, युद्धांत निषिद्ध ठरलेली ही पसरणारी गोळी आज अमेरिकेंतील पोलीस सर्रास बाळगतात, आणि घराच्या रक्षणासाठीं शस्त्र ठेवणाऱ्या गृहस्थासहि जाणकार लोक तिचीच शिफारस करतात. हेगचा निर्बंध राष्ट्राराष्ट्रांतील युद्धापुरता आहे, पोलिसांस व नागरिकांस तो लागू नाहीं, हें कायद्याचें उत्तर झालें. पण तेवढ्यानें मनाचें समाधान होत नाहीं. रणांगणावर जें क्रूर, तें घरांत शहाणपणाचें कसें? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं आज मी एका विशिष्ट शस्त्राचा विचार आपल्यापुढें मांडणार आहे. तें शस्त्र म्हणजे पिस्तुलाचें काडतूस उडविणारी कार्बाइन.

आपल्या देशांत ९ मिलिमीटरचें काडतूस सामान्य नागरिकास परवान्यावरहि सहसा मिळत नाहीं; त्यामुळें ही निवड करण्याचा प्रसंग येथील गृहस्थावर येत नाहीं. परंतु अमेरिकेंत स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबें आज अनेक आहेत. तेथील कायद्याप्रमाणें त्यांपैकीं कोणी असें शस्त्र घरीं ठेवूं शकतो, आणि मग दुकानाच्या फळीवर मांडलेल्या रंगीबेरंगी खोक्यांतून कोणतें खोकें उचलावें, हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. तो दिसतो तितका किरकोळ नाहीं.

कार्बाइन म्हणजे आंखूड व हलकी बंदूक. पूर्वी ती मुख्यतः घोडेस्वारांसाठीं असे. पिस्तूल व बंदूक या दोहोंस एकच काडतूस, ही कल्पनाहि जुनीच आहे. विंचेस्टर कंपनीनें १८७३ सालीं .४४-४० या काडतुसाची बंदूक काढली, आणि थोड्याच वर्षांत कोल्ट कंपनीनें तेंच काडतूस घेणारें रिव्हॉल्वर बाजारांत आणिलें. त्यामुळें रानोमाळ भटकणाऱ्या माणसास कमरेच्या एकाच पट्ट्यांतून दोन्ही शस्त्रें भरतां येऊं लागलीं. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पुष्कळ वर्षें दिसलेली स्टर्लिंग जातीची कार्बाइनहि ९ मिलिमीटरचें पिस्तुलाचेंच काडतूस उडविते. तिची नळी पावणेआठ इंचांच्या आसपास असते. अमेरिकेंतील नागरी कार्बाइनीची नळी मात्र बहुधा सोळा इंचांची किंवा किंचित् अधिक असते. कारण सोळा इंचांहून आंखूड नळीच्या रायफलीस तेथील १९३४ च्या संघीय कायद्याखालीं निराळी नोंदणी लागते.

गृहस्थ या शस्त्राकडे वळतो, याचें कारण उघड आहे. पिस्तूल केवळ हातांवर तोलावयाचें असतें. भीतीनें कांपणाऱ्या हातांत त्याचा नेम सहज ढळतो. कार्बाइनीचा दस्ता खांद्यास टेकतो, गाल दस्त्यास लागतो, दोन्ही हातांस आधार मिळतो. शिवाय शस्त्राच्या वजनामुळें धक्का सौम्य बसतो. पिस्तुलानें पंधरा पावलांवर चुकणारा नवशिका मनुष्य कार्बाइनीनें तेथेंच नेमका मारा करूं शकतो. काडतुसेंहि रायफलीच्या मानानें स्वस्त, म्हणून सराव परवडतो. हे सर्व गुण खरे आहेत. पण याच गुणांच्या मोहांत एक गोष्ट विसरली जाते. ती ही कीं, काडतूस पिस्तुलाचें असलें तरी नळी पिस्तुलाची नाहीं.

काडतुसाचे भाग चार : पितळेचें नळकांडें, त्याच्या बुडाची टोपी, दारू आणि गोळी. चाप ओढला म्हणजे टोपी पेटते, दारू जळते आणि तिचा वायु गोळीस पुढें रेटतो. गोळी नळींत असेपर्यंतच तिला हा रेटा मिळतो. चार इंची नळींतून ती चटकन बाहेर पडते. सोळा इंची नळींत तिला अधिक काळ रेटा मिळतो, म्हणून तिचा वेग वाढतो. मात्र नळी चौपट झाली म्हणून वेग चौपट होत नाहीं. पिस्तुलाची दारू लवकर जळून जाणारी असते. गोळी दहा-बारा इंच पुढें जाईपर्यंत वायूचा जोर पुष्कळ ओसरलेला असतो.

कांहीं ठोकळ आंकडे सांगतों. गोळीचें वजन ग्रेन या मापानें मोजतात; एका पौंडांत ७००० ग्रेन असतात, म्हणजे १२४ ग्रेनांची गोळी सुमारें आठ ग्रॅमची झाली. ९ मिलिमीटरची ११५ ग्रेनांची हलकी गोळी पिस्तुलांतून सेकंदास सुमारें ११५० फूट वेगानें जाते. कार्बाइनींतून तिचा वेग १३०० च्या आसपास जातो. १४७ ग्रेनांची जड गोळी पिस्तुलांतून १००० फुटांच्या आगेंमागें जाते. कार्बाइनींत तिला पन्नास ते शंभर फूट अधिक मिळतात. .४५ इंची काडतुसाच्या २३० ग्रेनांच्या गोळीचा वेग ८५० असतो. त्यांतहि भर पडते ती अशीच बेताची. याच्या उलट .३५७ मॅग्नम या रिव्हॉल्वरच्या काडतुसांत दारू पुष्कळ व सावकाश जळणारी असते. त्याची १५८ ग्रेनांची गोळी चार इंची नळींतून सुमारें १२५० फुटांनीं जाते, तर सोळा-अठरा इंची नळींतून १७०० ते १८०० फुटांपर्यंत पोंचते. म्हणजे ‘लांब नळीनें वेग वाढतो’ हें विधान खरें असलें तरी किती वाढतो, हें त्या त्या काडतुसावर अवलंबून आहे.

सामान्य मनुष्य येथेंच समाधान पावतो. वेग वाढला, म्हणजे जोर वाढला. जोर वाढला, म्हणजे रक्षण अधिक चांगलें, अशी त्याची विचारसरणी असते. ती कोठें फसते, हें कळण्यास पसरणाऱ्या गोळीची रचना पाहिली पाहिजे.

आजच्या रक्षणोपयोगी गोळीच्या टोंकास वाटीसारखी पोकळी असते. गोळी देहांत शिरतांच या पोकळींत द्रव भरतो, त्याचा दाब आंतून बाहेर पडूं लागतो, आणि तांब्याचें कवच आधींच पाडून ठेवलेल्या रेघांवर उकलून पाकळ्यांप्रमाणें मागें वळतें. गोळीचा व्यास सुमारें दीडपट होतो. तिला अडथळा वाढतो व ती लवकर थांबते. पण ही क्रिया एका ठराविक वेगमर्यादेंतच नीट घडते. वेग फार कमी पडला तर पोकळी उघडतच नाहीं. वेग फार वाढला तर पाकळ्या अति वेगानें उलटतात, कधीं तुटून पडतात, कधीं गोळीचेंच तुकडे होतात. असे हलके तुकडे उथळ जागींच अडकून राहतात. कधीं याच्या नेमकें उलट होतें : पाकळ्या मागें दुमडून गोळीच्या अंगास चिकटतात, गोळी पुन्हां अरुंद होते आणि अपेक्षेहून खोल जाते. म्हणजे पिस्तुलासाठीं बेतलेली उत्तम गोळी लांब नळींतून सुटली म्हणजे ती अधिक उत्तमच होईल, असें मानण्यास कांहीं आधार नाहीं. कारखानदारानें ज्या वेगासाठीं ती घडविली तो वेगच आपण बदललेला असतो.

उथळ जखमेनें काय बिघडतें, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर अमेरिकेनें फार मोठें मोल देऊन मिळविलें. ११ एप्रिल १९८६ रोजीं मायामी शहराजवळ तेथील संघीय अन्वेषण विभागाच्या, म्हणजे एफ. बी. आय. च्या, अधिकाऱ्यांची दोन सशस्त्र दरोडेखोरांशीं गांठ पडली. चकमकीच्या आरंभाजवळच ९ मिलिमीटरची ११५ ग्रेनांची एक पसरणारी गोळी त्यांतील एका दरोडेखोराच्या दंडांतून आरपार जाऊन छातींत शिरली. गोळी रचनेप्रमाणें पसरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. जखम प्राणघातक होती. तरी तो मनुष्य तत्काळ कोसळला नाहीं. तो लढत राहिला. त्या दिवशीं विभागाचे दोन अधिकारी ठार झाले आणि पांच जखमी झाले.

या घटनेनंतर त्या विभागानें गोळीची परीक्षा कशी करावी, याचा नव्यानें विचार केला. अमेरिकन लष्करी शल्यवैद्य मार्टिन फॅकलर यांनीं दहा टक्के जिलेटिनच्या थंड ठोकळ्यांत गोळी झाडून तिची खोली मोजण्याची पद्धत बसविली होती. तीच पद्धत कसोटी म्हणून मान्य झाली, आणि गोळीनें अशा ठोकळ्यांत निदान बारा इंच तरी गेलें पाहिजे, पण अठरा इंचांच्या फार पलीकडे जाऊं नये, असा दंडक पडला. मनुष्याची छाती कांहीं बारा इंच खोल नसते; पण गोळी नेहमीं समोरूनच लागते असें नाहीं. मध्यें हात येतो, शरीर तिरपें असतें, अंगावर जाड कोट असतो. बारा इंचांचा आग्रह या अडथळ्यांसाठीं आहे. अठरा इंचांची मर्यादा आहे ती पलीकडे उभ्या असलेल्या निरपराध मनुष्यासाठीं. जिलेटिन म्हणजे देह नव्हे. त्यांत हाडें नाहींत, त्वचा नाहीं. परंतु सर्व गोळ्यांस एकाच तराजूनें तोलण्याचें तें चांगलें साधन आहे.

आतां आपण घरांत येऊं. अमेरिकेंतील सामान्य घराच्या आंतल्या भिंती विटांच्या नसतात. लांकडाच्या उभ्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनीं जिप्समच्या पातळ फळ्या ठोकल्या कीं भिंत झाली. पिस्तुलाची कोणतीहि गोळी अशा भिंतींतून सहज पार होते. एक नव्हे, कित्येक भिंती ओलांडते. पूर्ण कवचाची भरीव गोळी, जी सरावासाठीं स्वस्त म्हणून घेतली जाते, ती तर जिलेटिनमध्यें दोन फूट किंवा त्याहूनहि अधिक जाते. म्हणजे मनुष्याच्या देहांतून बाहेर पडून मागील भिंत भेदण्याइतका जोर तिच्यांत शिल्लक राहतो. त्या भिंतीमागें कोण आहे? बहुधा आपलेंच निजलेलें मूल, नाहीं तर शेजाऱ्याचें.

हेगच्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. रणांगणावर सैनिकाच्या मागें दुसरा सैनिक असतो; तेथें अनावश्यक यातना टाळणें हाच मानवतेचा मुख्य प्रश्न आहे. घरांत, रस्त्यांत, बाजारांत मागें निरपराध मनुष्य असतो. तेथें गोळी जेथें लागली तेथेंच तिनें थांबावें, हा मानवतेचा पहिला नियम ठरतो. पसरणारी गोळी पसंत करण्याचें कारण हें आहे. मात्र तिच्याविषयींहि भ्रम नको. नेम चुकून ती प्रथम भिंतीवर आदळली, तर तिच्या टोंकाच्या वाटींत जिप्समची भुकटी गच्च बसूं शकते. मग ती पसरत नाहीं आणि भरीव गोळीप्रमाणेंच पुढें जाते. म्हणून पसरणारी गोळी हा चुकलेल्या नेमावरील उतारा नव्हे.

मग कार्बाइनीसाठीं निवड कशी करावी? पहिली गोष्ट म्हणजे वेगाचा मोह टाळावा. ९ मिलिमीटरमध्यें अति हलक्या व अति वेगवान गोळ्यांपेक्षां १२४ ते १४७ ग्रेनांच्या जड गोळ्या अधिक विश्वासाच्या ठरतात. वेग थोडा वाढला तरी त्या आपल्या मर्यादेंत राहतात आणि वजनामुळें पुरेशा खोल जातात. ज्या गोळींत शिसें व तांब्याचें कवच एकमेकांस पक्के जोडलेलें असतें, ती वाढलेल्या वेगांतहि सहसा फुटत नाहीं. तिला अग्रक्रम द्यावा. कांहीं कारखानदार आतां केवळ कार्बाइनीच्या वेगासाठीं बेतलेलीं काडतुसें काढतात, व कांहीं जण सोळा इंची नळींतून घेतलेल्या जिलेटिन-परीक्षेचे आंकडे देतात. खोक्यावर छापलेला वेग बहुधा चार-पांच इंची नळीचा असतो, हें ध्यानांत ठेवून लांब नळीच्या परीक्षेंत बारा ते अठरा इंचांत थांबलेलीच गोळी घ्यावी. १४७ ग्रेनांच्या गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदास सुमारें ११२५ फुटांच्या, खालीं राहिला तर हवेंत उठणारा तीव्र कडकडाटहि टळतो. पण लांब नळींत ती या सीमेच्या अगदीं जवळ येते, म्हणून याची हमी समजूं नये.

.३५७ मॅग्नमच्या बाबतींत सावधगिरी अधिक हवी. रिव्हॉल्वरसाठीं बेतलेली मऊ, हलकी, पोकळ टोंकाची गोळी १७००-१८०० फुटांच्या वेगांत फुटून विखरण्याचा संभव फार. तेथें जड व भक्कम बांधणीची गोळी घ्यावी, किंवा त्याच बंदुकींत चालणारें .३८ स्पेशल हें सौम्य काडतूस वापरावें. लांब नळीमुळें त्याचाहि वेग थोडा सुधारतो व धक्का नाममात्र राहतो. या जातीच्या बंदुकांत काडतुसें नळीखालच्या नळकांड्यांत एकामागें एक बसतात. मागच्या गोळीचें टोंक पुढच्या काडतुसाच्या बुडास टेकतें. म्हणून अणकुचीदार कठीण टोंकाची गोळी तेथें कधींहि भरूं नये. धक्क्यानें पुढच्या काडतुसाची टोपी पेटण्याचें भय असतें.

दुसरी गोष्ट दाबाची. कांहीं खोक्यांवर ‘प्लस पी’ अशीं अक्षरें असतात. त्यांचा अर्थ, आंतील वायूचा दाब नेहमींहून अधिक. ९ मिलिमीटरच्या साध्या काडतुसाची अमेरिकन मर्यादा चौरस इंचास ३५,००० पौंड आहे, तर या जोरकस काडतुसाची ३८,५०० पौंड. पुष्कळशा कार्बाइनींची घडण अगदीं साधी असते. बोल्टला कोणतीहि खीळ नसते, केवळ त्याचें वजन व स्प्रिंग यांच्या बळावर तो काडतूस दाबून धरतो. दाब वाढला कीं तो अधिक जोरानें मागें येतो. म्हणून शस्त्रासोबत मिळालेल्या पुस्तिकेंत परवानगी असेल तरच असें काडतूस वापरावें. लांब नळीनें वेग आधींच वाढवून दिलेला असतां वाढीव दाबाची गरजहि सहसा उरत नाहीं.

तिसरी गोष्ट विश्वासाची. पोकळ टोंकाची गोळी प्रत्येक शस्त्रांत सुरळीत चढतेच असें नाहीं. मॅगझिनमधून नळीकडे जातांना तिचें रुंद टोंक काठास अडकूं शकतें. जिलेटिनमध्यें सर्वोत्तम ठरलेली गोळी आपल्या कार्बाइनींत दर पन्नासांत एकदां अडकत असेल, तर ती आपल्यासाठीं सर्वांत वाईट. म्हणून जें काडतूस निवडावयाचें, त्याचीं शंभर-दोनशें तरी काडतुसें त्याच शस्त्रांतून, त्याच मॅगझिनमधून झाडून पहावीं. खर्च होतो खरा. पण तो वांचविणें म्हणजे न वापरलेल्या दोरानें विहिरींत उतरणें होय. याच वेळीं नेमहि पाहून घ्यावा. जड व हलकी गोळी एकाच ठिकाणीं लागत नाहीं. तसेंच एकच काडतूस पुन्हां पुन्हां भरूं-काढूं नये. तसें केल्यानें गोळी नळकांड्यांत आंत दबते व दाब धोक्याच्या पातळीस जाऊं शकतो.

श्रोतेहो, इतकें सारें करूनहि गोळी आंधळीच असते. तिला डोळे देणारा मनुष्य तिच्या मागें असतो. समोर कोण आहे हें उजेडांत ओळखल्यावांचून चापावर बोट नेऊं नये. घराची मांडणी दिवसाउजेडीं पाहून कोणत्या भिंतीमागें कोण निजतें हें ध्यानांत ठेवावें. आणि शस्त्र व काडतुसें मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशा कुलपांत ठेवावीं. रात्रीं पाणी पिण्यास उठलेला आपलाच मुलगा चोर समजून मारला गेला, तर गोळी कितीहि विचारपूर्वक निवडलेली असली तरी त्या विचाराचा काय उपयोग?

तरीहि निवडीचें महत्त्व कमी होत नाहीं. चाप ओढल्यावर गोळीस परत बोलावतां येत नाहीं. ती किती खोल जाईल, पसरेल कीं फुटेल, भिंतीपलीकडे पोंचेल कीं नाहीं, यांतील कांहींच त्या क्षणीं आपल्या हातांत नसतें. जें कांहीं हातांत असतें तें त्यापूर्वींच्या एखाद्या निवांत दिवशीं, दुकानाच्या फळीपाशीं, खोकें उचलतांना असतें. गोळी कोठें थांबावी, हें तेथेंच ठरवावें लागतें.